दसऱ्याला दारात येणारी फटफटी

१० जून १९९०, रविवार

खताच्या कंपनीनं जानेवारीत दिलेली ही डायरी आजवर कोरीच पडली होती. आज उघडली, कारण डोकं फिरायची वेळ आली आहे आणि सांगायला कुणी नाही.

दादांना जाऊन दोन महिने झाले. आज त्यांची ट्रंक आवरायला घेतली. सातबारे, शेतसाऱ्याच्या पावत्या, निजामाच्या वेळचा एक उर्दू कागद, आणि सगळ्यांच्या तळाशी पिवळ्या फडक्यात बांधलेलं एक लहान पुस्तक. वाटलं पोथी असेल. उघडलं तर मोटारसायकलचं आर.सी. बुक! राजदूत. नोंदणी २१ जून १९७५. मालकाच्या रकान्यात आमच्या तीर्थरूपांचं नाव, दत्तराव, गावासकट.

दादांना सायकलसुद्धा येत नव्हती. जन्मभर बैलगाडी, नाहीतर एस.टी.

सत्यशीलेला दाखवलं. तिनं पदराआड हसून विचारलं, "मामंजींनी दुसरीकडं कुठं संसार मांडला होता का काय?" मी तिच्यावर खेकसलो. पण तेव्हापासून तोच किडा डोक्यात वळवळतो आहे. फटफटी कुठंतरी असणार. जिथं फटफटी असेल तिथं कुणीतरी असणार. आई मानवतला मामाकडं गेली आहे, आणि ती इथं असती तरी हे विचारायचं कोणत्या तोंडानं?

१३ जून, बुधवार

आई आली. तिच्यापुढं पुस्तक ठेवून मी दुसरीकडं बघत उभा राहिलो. तिनं शांतपणे सांगितलं, "आपलीच हाय की ती. चंद्र्या वापरतो."

मी कपाळावर हात मारला. चंद्रभानची फटफटी! शाळेत होतो तेव्हापासून बघतो आहे. चंद्रभान म्हणजे विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणारा मिस्त्री. आधी आमच्याच गावच्या बौद्धवाड्यात राहायचा. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतरावरून गडबड झाली तेव्हापासून ताडकळसला. दर दसऱ्याला तो ती लाल राजदूत धुऊनपुसून आमच्या दारात आणून उभी करतो. आई हळद-कुंकू लावते, झेंडूची माळ घालते, ओवाळते, नारळ फोडते. चंद्रभान तेवढा वेळ दारापुढच्या नाल्याच्या पलीकडं उभा असतो. मग सोनं देतो, दादांना रामराम घालतो आणि जातो. मला वाटायचं, मायेपोटी येतो. गावातली जुनी माणसं तिला दत्तरावाची फटफटी म्हणत, तेही मला या पूजेमुळंच वाटायचं.

म्हणजे आमची वस्तू होती म्हणून आणत होता तर. दादांनी दिली असेल वापरायला. मनाचे मोठे होते.

खरं सांगायचं तर आनंदच झाला. ताडकळसला खत-बियाण्याचं दुकान टाकायचं माझ्या मनात आहे. रोज तीन कोस जायचं कशावर, हाच घोर होता. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो.

२ जुलै, सोमवार

आज चंद्रभान आला. दसरा नसताना आला, तेही पायी. हातात अवजारांची पिशवी.

परभणीच्या रस्त्यावर चेकिंगमध्ये फटफटी अडकली. त्याच्याजवळ पुस्तकाची झेरॉक्स होती. साहेबानं तारीख बघितली आणि म्हणाला, एकवीस जूनला पंधरा वर्षं भरली, नोंदणी संपली. नवा कायदा आला आहे. शिवाय गाडी तुझी नाही, मालकाला आण. चंद्रभाननं सांगितलं, मालक वारले. साहेब म्हणाला, मग वारसाला आण.

"बन्सीधरभाऊ, तुमी आल्याबिगर सुटत न्हाई ती," चंद्रभान म्हणाला. "माझं समदं काम तिच्यावर हाय. पिशवी घिऊन पायी किती विहिरी हिंडू?"

आई आतून म्हणाली, "आमची वस्तू अडकवून बसलास होय रं चंद्र्या?" चंद्रभान काहीतरी बोलणार होता. मग माझ्याकडं बघून त्यानं मान खाली घातली. मी विचारलं, "काय रे?" तो म्हणाला, "काय न्हाई."

तो गेल्यावर सत्यशीला म्हणाली, "तुमच्या वडलांच्या वयाचे दिसतेत. अहो-जाहो म्हणावं माणसानं." मी म्हणालो, आमच्यात पहिल्यापासून असंच आहे. ती म्हणाली, तेच तर म्हणते. हिच्या बोलण्याचा अर्थ लावायला वेगळी डायरी लागेल.

९ जुलै, सोमवार

परभणी. चंद्रभानला घेऊन गेलो. आर.टी.ओ. कचेरीच्या आवारात आमची (?) राजदूत पावसात भिजत उभी. मागच्या चाकात हवा नाही.

बाहेर लिंबाखाली मुंजाजी नावाचा एजंट टेबल टाकून बसतो. त्यानं मला समजावलं, "पयलं माणसाला मुदत होती, गाडीला न्हवती. आता गाडीलाबी हाय. पंधरा वर्सं." मग फॉर्मांचा पाढा. मयताचं नाव काढून माझं चढवायला एकतीस नंबर. मुदत वाढवायला पंचवीस नंबर. माझ्या नावावरून आणखी कुणाच्या नावावर करायची असेल तर एकोणतीस आणि तीस. वारसाचा दाखला तलाठ्याकडून. अर्ज उशिरा केला त्याचा दंड शंभरापर्यंत, आणि मुदत संपलेली गाडी रस्त्यावर चालवली त्याचा निराळा, मोठा. माणूस जन्माला यायला आणि मरायला मिळून इतके कागद लागत नाहीत.

मी विचारलं, दंड कुणी भरायचा? मालक मेलेला, मुदतही मेलेली, चालवणारा तिसराच. मुंजाजी म्हणाला, "ज्याला गाडी पायजे त्यानं." मी आणि चंद्रभाननं एकदमच खिशाकडं हात नेला. मग दोघंही थांबलो. शेवटी त्यानं भरला. मी भरू दिला.

१६ जुलै, सोमवार

विम्याचा जुना कागद चंद्रभानच्या घरी होता, तो आणायला ताडकळसला गेलो. बाजाराचा दिवस नव्हता. त्याच्या घरी मी कधी गेलोच नव्हतो. दोन खोल्या, दारात जळक्या मोटारींच्या तारांची वेटोळी. भिंतीवर बाबासाहेब, आणि शेजारी नागपूरच्या दीक्षाभूमीसमोर काढलेला फोटो. फोटोत त्याची बायको नर्मदाबाई आणि पोरं. चंद्रभान नाही.

मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "चंद्रभान फोटोत दिसत नाही?"

नर्मदाबाई म्हणाल्या, "ह्येंचं कुठलं येणं! दसऱ्याला दीक्षेचा दिवस. समदी दुनिया जाती नागपूरला. आमी चारदा जाऊन आलो. ह्येंना दर दसऱ्याला काम असतंय म्हणं."

चंद्रभान कागद शोधत होता. त्यानं वर बघितलं नाही.

येताना एस.टी.त विचार करत होतो, दसऱ्याला कुणाच्या मोटारी बिघडतात? आमची तर कधी बिघडली नाही. चहा चांगला होता, हे लिहून ठेवतो. पहिले दोन घोट मी अवघडून घेतले, हेही.

३१ जुलै, मंगळवार

तलाठी भगवानराव दोन आठवडे रजेवर होते. आज दाखला मिळाला. मुंजाजीनं बाजूला घेऊन सांगितलं, "एकदा तुमच्या नावावर झाली की कायद्यानं तुमचीच. पुढचे दोन फॉर्म भरायची गरजच काय?"

मी त्याला झापायला हवं होतं. "बघू," म्हणालो.

आईला पुन्हा विचारलं, दादांनी ती विकत घेतली होती का? पैसे दिलेले आठवतात का? आई म्हणाली, "पुस्तक आपल्या ट्रंकेत, नाव आपलं, पूजा आपल्या दारात. आणखी काय पायजे?" हेही खरंच. पण मग टायर, पेट्रोल, दुरुस्ती पंधरा वर्षं त्यानं का केली असेल? एक बाजू धरावी तर दुसरी सुटते.

२३ ऑगस्ट, गुरुवार

आज काम झालं. काय काय झालं ते क्रमानं लिहितो, म्हणजे मलाही कळेल.

चंद्रभाननं पहाटेच येऊन चाकात हवा भरली, प्लग साफ केला. इन्स्पेक्टरसाहेबांनी दिवा, हॉर्न, ब्रेक बघितले. मग चेसिसचा नंबर. हँडलच्या खाली लोखंडावर कोरलेला असतो, त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायची, की छाप उठतो. छाप उठेना. खाचांमध्ये काहीतरी घट्ट बसलं होतं. साहेबांनी खरवडलं तर नखाला लाल.

"हे काय?"

"कुंकू हाय साहेब," चंद्रभान म्हणाला. "पंधरा दसऱ्यांचं. बाकीचं दर वर्षी ओढ्यावर धुतो. ह्या फटीतलं ऱ्हायलं."

साहेब हसले. चंद्रभाननं रॉकेलच्या चिंधीनं नंबर साफ केला. मला मात्र झोंबलं. मी म्हणालो, "आई एवढ्या श्रद्धेनं लावते आणि तू ओढ्यावर धुतोस?"

"तसंच घरी कसं न्यावं, भाऊ? आमी ते सोडलंय ना."

सोडलं आहे तर मग आणायचंच कशाला? हा प्रश्न माझ्या ओठांवर होता, पण तेवढ्यात शिक्का पडला. पुस्तकावर माझं नाव. पुढची पाच वर्षं मुदत. छाती उगीचच फुगली.

येताना मी चालवली. कॉलेजात मित्राच्या गाडीवर शिकलो होतो. चंद्रभान मागं बसला. ताडकळसच्या फाट्यावर तो उतरला, आणि उतरून तिथंच उभा राहिला. मी इंजिन बंद केलं नाही. म्हणालो, "दुकानाची जागा बघायची आहे. चार दिवस ठेवतो, मग देतो."

तो "बरं" म्हणाला आणि पिशवी खांद्याला लावून चालू लागला.

२ सप्टेंबर, रविवार

चार दिवसांचे दहा झाले. कापडाच्या दुकानात, हॉटेलात, जिथं जाईन तिथं लोक म्हणतात, "बन्सीधरराव, फटफटी शोभते तुम्हाला." शोभतेच.

सत्यशीला मागं बसत नाही. परवा मानवतला चल म्हणालो तर म्हणाली, एस.टी. आहे की.

मी तिला कायदा समजावून सांगितला. मयताचा वारस मी, नाव माझं, मुदत माझ्या सहीनं वाढली. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मग एवढं समजावून का सांगायलाव?"

११ सप्टेंबर, मंगळवार

पाऊस ओढ देऊन आहे. मिरचीला पाणी द्यावं म्हणून बटण दाबलं तर विहिरीवरची मोटार गुरगुरली आणि धूर निघाला. मिस्त्री एकच. निरोप पाठवायची मला लाज वाटत होती. पण मिरची डोळ्यांसमोर माना टाकत होती.

चंद्रभान तीन कोस चालत आला. घामानं सदरा अंगाला चिकटलेला. फटफटी लिंबाखाली उभी होती, तो तिच्या बाजूनंच विहिरीकडं गेला. दोन तास खाली मान घालून तारा गुंडाळल्या, मोटार चालू केली, पाणी पडल्यावर हात धुतले.

परत जाताना मात्र थांबला. वाकून त्यानं पेट्रोलचा कॉक बंद केला. मी कालपासून तो उघडाच ठेवला होता. मग खांद्यावरच्या टॉवेलनं टाकी पुसली, जनावराची पाठ पुसावी तशी. नंतर एकदम लक्षात आल्यासारखा हात मागं घेतला. "सवय हाय," म्हणाला, आणि माझी नजर चुकवली.

मला राहवलं नाही. मी विचारलं, "चंद्रभान, खरं सांग. ही फटफटी कोणाची?"

तो लिंबाच्या पारावर टेकला. जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहितो, माझ्या शब्दांत बिघडेल.

"जायकवाडीच्या कालव्यावर सा वर्सं काम केलं. त्या पैशाची हाय. पण गावातली पयली फटफटी आमच्या वाड्यात येणार म्हणल्यावर लोकांच्या पोटात दुखणार. तुमचे दादाच म्हणले, चंद्रभान, माझ्या नावावर घे, कुणी हात लावणार न्हाई. आन् दर दसऱ्याला माझ्या दारात आणत जा, पूजा होऊ दे, लोकांना दिसलं पायजे का ती माझी हाय. त्येंचा काही वाईट इरादा न्हवता, भाऊ. भल्यासाठीच सांगितलं."

"आणि मग?"

"मग अठ्ठ्याहत्तर साल. आमच्या वाड्यात लोकं शिरले. फटफटी घरापुढंच उभी. एक जण रॉकेल ओतणार तेवढ्यात दुसरा वरडला, आरं ती दत्तरावाची हाय, तिला बाजूला घ्या. दोघातिघांनी उचलून नीट बाजूला नेऊन लावली. स्टँडवर. मग घर पेटवलं." त्यानं टॉवेल झटकला. "दादाचं खरं झालं. फटफटी वाचली. घर माझ्या नावावर होतं."

हे त्यानं अशा आवाजात सांगितलं, जसं मोटार कशानं जळाली ते सांगतात.

मला ते दिवस आठवतात. मी सतरा वर्षांचा होतो. दादांनी मला आतल्या खोलीत बसवून बाहेरून कडी घातली होती आणि स्वतः ओसरीवर बसून राहिले होते. बसून राहिले, एवढंच. ते कोणाला वाचवत होते, हे आजवर मी स्वतःला विचारलं नव्हतं.

मी किल्ली पुढं केली. त्यानं घेतली नाही. म्हणाला, "अशी नगं. कागदावर नाव तुमचं हाय. वाटंत पुन्यांदा कुणी धरलं तर काय सांगू? मालक कोण?"

१२ सप्टेंबर, बुधवार

आईशी भांडण झालं. ती म्हणते, दादांची शेवटची आठवण देऊन टाकतोस. मी म्हणालो, ती आठवण दादांची नव्हतीच. ती रडली. मलाही रडू आलं, पण कशाचं ते नीट सांगता येत नाही. दादा भले होते का नव्हते? भलेच होते. मग मला शरम का वाटते? दुसऱ्याची वस्तू आपल्या नावावर ठेवून जर ती वाचत असेल, तर ते उपकार की आणखी काही? मी बी.ए. झालो आहे आणि मला हे कळत नाही.

१८ सप्टेंबर, मंगळवार

परभणी. एकोणतीस नंबर, तीस नंबर. मी आणलेल्या पेनातली शाई संपली, मुंजाजीचं पेन घेऊन सह्या केल्या. मुंजाजी माझ्याकडं असा बघत होता जसा मी भर बाजारात बैल फुकट सोडून देतो आहे. या वेळची फी आणि त्यांनी जुलैत भरलेल्या दंडाचे पैसे मी काढले. चंद्रभान म्हणाले, "फी माझी मी भरणार." दंडाचे मात्र त्यांनी घेतले.

खिडकीतल्या कारकुनानं रजिस्टरमध्ये लिहिताना मोठ्यानं विचारलं, "मालकाचं नाव?"

चंद्रभाननी घसा खाकरला. मग नाव सांगितलं, वडलांचं सांगितलं, आडनाव सांगितलं. कारकून म्हणाला, "जरा जोरात." त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं, इतक्या जोरात की रांगेतले लोक वळून बघायला लागले.

बाहेर येऊन त्यांनी किक मारली. मी मागं बसलो. फाट्यावर मला एस.टी.साठी उतरवलं. मनावरचं ओझं उतरलं होतं, म्हणून मी मोकळेपणानं म्हणालो, "आता दसऱ्याला भेटू. आई वाट बघते."

चंद्रभान म्हणाले, "यंदा जमंल असं वाटत न्हाई. काम हाय."

गेले. मला जरा वाईटच वाटलं. एवढं सगळं झाल्यावर निदान यंदा तरी यायला हवं होतं.

२९ सप्टेंबर, शनिवार. दसरा

सकाळी अवजारांची पूजा झाली. विळे, कुऱ्हाड, तिफण, विहिरीवरची मोटार. दुपारनंतर आईनं दारात सडा टाकला, नेहमीच्या जागेवर रांगोळी काढली, झेंडूची जाड माळ ओवली. ताटात हळद, कुंकू, निरांजन, नारळ. मी सांगितलं होतं की ते यायचे नाहीत. ती म्हणाली, "नाव बदललं म्हणून माणूस बदलतो का? यील."

ऊन कलेपर्यंत ती उंबऱ्यात बसून होती. रस्त्यावर फटफट ऐकू आली की उठायची. दोनदा दुसऱ्याच कोणाच्या गाड्या निघाल्या.

मी ओसरीवर होतो. काही काम नव्हतं म्हणून ही डायरी चाळत बसलो. जुलैतलं पान निघालं, १६ तारीख, माझ्याच अक्षरात. ह्येंना दर दसऱ्याला काम असतंय. खाली माझा शहाणपणा: दसऱ्याला कुणाच्या मोटारी बिघडतात?

पान पुन्हा वाचलं. पुन्हा वाचलं.

वर्षातून एक दिवस. त्यांची सगळी दुनिया नागपूरला जाते तो दिवस. आणि पंधरा वर्षं त्या दिवशी हा माणूस आमच्या नाल्यापलीकडं उभा होता, आपल्याच फटफटीला आमचं कुंकू लागताना बघत. मग ओढ्यावर जाऊन ते धूत होता. घरी बायकोला सांगत होता, काम आहे. ते काम म्हणजे आम्ही. आणि मी परवा त्यांना म्हणालो, आई वाट बघते.

सत्यशीला शेजारी येऊन उभी राहिली. मी ते पान तिच्यापुढं धरलं. तिनं वाचलं आणि म्हणाली, "पूर्णेहून अकोल्याची गाडी काल निघाली असंल. आज दुपारीच नागपूरला पोचले असतील." तिला हे कधीपासून कळलं होतं, मी विचारलं नाही.

निरांजन विझलं. आईनं ताट उचललं, रांगोळीकडं बघितलं. मग मला म्हणाली, "आजवर एक दसरा चुकवला न्हाई त्यानं. काय झालं आसंल रं?"

तिला सगळं सांगावं असं फार वाटलं. तिचं वय बघितलं, हातातलं ताट बघितलं. तोंड उघडलं, आणि त्यांचेच शब्द बाहेर आले.

"काम हाय त्यांना," मी म्हणालो.